स्क्रीनशॉट आहे म्हणजे पुरावा आहे का? उधारी कोर्टात गेली तर काय टिकतं, काय गळून पडतं



उधारी वसुलीच्या व्हिडिओत आपण फोन कसा करायचा, नोटीस कधी पाठवायची हे बघितलं. त्या विषयाचा पुढचा भाग व्हिडिओत मावत नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. शांतपणे वाचा आणि सेव्ह करून ठेवा.

सुरुवातीला एकच प्रश्न. गिऱ्हाईक काउंटरवर येतं, मोबाइल पुढे करतं आणि म्हणतं, "पैसे टाकले बघा, हा स्क्रीनशॉट." तुम्ही माल सोडता का? नाही सोडत. साऊंडबॉक्स वाजला किंवा तुमच्या खात्यात एन्ट्री दिसली की मगच पिशवी हातात देता. कारण तुम्हाला माहीत आहे, स्क्रीनशॉट खोटा बनवायला दोन मिनिटं पुरतात.

आता हेच चित्र उलटं करा. उधारी बुडाली, तुम्ही कोर्टात गेलात आणि न्यायाधीशांपुढे मोबाइल धरून म्हणालात, "साहेब, त्यानं ऑर्डर दिली होती, हा स्क्रीनशॉट." कोर्टानं लगेच विश्वास का ठेवावा? तुम्ही काउंटरवर जे करता तेच कोर्ट करतं. हे कुठून आलं, कुणी बनवलं आणि मध्ये कुणी हात लावला का, हे ते विचारतं.

या तीन प्रश्नांची उत्तरं वादाच्या दिवशी तयार करता येत नाहीत. ती व्यवहाराच्या दिवशीच तयार व्हावी लागतात. आजचा सगळा लेख एवढ्याच मुद्द्यावर आहे.

एक उदाहरण धरून चालू

समजा, मोडनिंबला हायवेच्या कडेला तुमचं डाळिंब पॅकिंगच्या पुठ्ठा बॉक्सचं छोटं युनिट आहे. एका व्यापाऱ्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला: "४००० बॉक्स पाठवा, पैसे सीझन संपल्यावर." दर ४६ रुपये. म्हणजे १,८४,००० रुपयांचा माल. तुम्ही टेम्पो भरून पाठवला. सीझन संपला. आधी "पुढच्या आठवड्यात", मग "बाजार पडलाय", मग फोन उचलणं बंद.

तुम्ही माढ्याच्या दिवाणी कोर्टात दावा लावायचं ठरवता. समोरच्याला निसटायला तीन वाटा आहेत:

१. "तो मेसेज मी केलाच नाही."
२. "माल आलाच नाही." किंवा "आला, पण ४००० नव्हते."
३. "पैसे तर मी रोख दिले."

लहान उद्योजकाकडे पहिल्या वाटेवर स्क्रीनशॉट असतो, दुसऱ्या वाटेवर टेम्पोवाल्याचं तोंडी बोलणं असतं आणि तिसऱ्या वाटेवर स्वतःची वही असते. तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण तिन्ही कोर्टात डळमळतात. का ते बघू.

जालन्याची निवडणूक आणि न मिळालेला कागद

हे प्रकरण राजकारणातलं आहे, पण त्यातला धडा दुकानदारासाठीच आहे असं समजा.

२०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्याल यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका केली. मुद्दा होता वेळेचा. उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता २७ सप्टेंबर २०१४ आणि वेळ दुपारी ३ पर्यंत. खोतकरांचे अर्ज ३ नंतर दाखल झाले, असं याचिकेचं म्हणणं होतं.

निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर कॅमेरे लावलेले होते. सरकारी कॅमेरे, सरकारी रेकॉर्डिंग. यापेक्षा भक्कम पुरावा कोणता असणार? उच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्या रेकॉर्डिंगच्या सीडी कोर्टात आल्यासुद्धा.

पण घोडं अडलं एका कागदावर. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार इलेक्ट्रॉनिक गोष्टीची प्रत द्यायची असेल, तर सोबत प्रमाणपत्र लागतं. हे रेकॉर्डिंग कोणत्या यंत्रावर झालं, ते यंत्र नीट चालू होतं का, प्रत कशी काढली, हे त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसानं सही करून सांगायचं. याचिकाकर्त्यांनी अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी केली, पुन्हा पुन्हा केली. प्रमाणपत्र मिळालं नाही.

शेवटी उच्च न्यायालयानं २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. निवडणूक अधिकाऱ्यानं साक्षीत जे सांगितलं तेच प्रमाणपत्रासारखं धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे तीन न्यायमूर्तींच्या पीठानं १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. तोवर त्या विधानसभेची पाच वर्षांची मुदतही संपून गेली होती.

सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला, पण कायदा स्पष्ट करून सांगितला. आपल्या कामाचे मुद्दे चार:

- इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली तर प्रमाणपत्र लागणारच. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही.
- मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि मालकानं साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन "हे माझं, यात ही नोंद आहे" असं सिद्ध केलं, तर त्या मूळ नोंदीसाठी प्रमाणपत्राची गरज नाही.
- यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि तो प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करा. कोर्ट त्याला हजर करायला सांगू शकतं.
- तुम्ही शक्य ते सगळं केलं, तरी कागद मिळाला नाही, तर अशक्य गोष्टीसाठी कायदा तुम्हाला शिक्षा करत नाही. मात्र "शक्य ते सगळं केलं" हे दिसलं पाहिजे.

चौथा मुद्दा पुन्हा वाचा. याचिकाकर्ते वाचले कारण त्यांच्या मागण्या लेखी होत्या. फोनवर दहा वेळा विचारलं असतं तर त्याची नोंद कुठे राहिली असती?

नवा कायदा काय मागतो?

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ आला. जुनं ६५-ब आता कलम ६३ मध्ये आहे. कायद्याच्या शेवटी परिशिष्टात प्रमाणपत्राचा छापील नमुनाच दिलाय. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञानं.

भाग अ मध्ये काय विचारलंय बघा, म्हणजे आजपासून काय जपायचं ते कळेल. यंत्र कोणतं (मोबाइल, डीव्हीआर, पेनड्राइव्ह, सर्व्हर), कंपनी आणि मॉडेल, रंग, सिरियल नंबर, मोबाइल असेल तर आयएमईआय नंबर. आणि शेवटी हॅश व्हॅल्यू.

हॅश म्हणजे काय? फाइलचा अंगठ्याचा ठसा. सॉफ्टवेअर फाइल वाचून अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ काढून देतं. तीच फाइल पुन्हा तपासली की तीच ओळ येते. पण फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला, ४००० चं ४०० केलं, तर ओळ पूर्ण बदलते. म्हणजे मध्ये हात लागला की नाही, हे लगेच समजतं. नमुन्यात त्यासाठी एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ असे पर्याय दिलेत. हे काम तुमचे वकील आणि तज्ज्ञ करतील. तुमचं काम मूळ फाइल शाबूत ठेवण्याचं.

पहिली वाट बंद करा: "मेसेज माझा नाही"

स्क्रीनशॉट काढून चॅट डिलीट करणारे खूप जण आहेत. हे म्हणजे पावतीची झेरॉक्स ठेवून पावती चुलीत टाकण्यासारखं झालं. मूळ चॅट मूळ फोनमध्येच ठेवा.

- मोठ्या गिऱ्हाइकांच्या चॅटमध्ये मेसेज आपोआप गायब होण्याची सेटिंग बंद आहे का, आजच बघा.
- फोन बदलताना चॅटचा बॅकअप घ्या. पण वाद सुरू असेल तर जुना फोन विकू नका, रीसेट करू नका. पाच हजारांच्या एक्स्चेंजसाठी पावणेदोन लाखांचा पुरावा देऊ नका.
- फोनचं बिल आणि खोका ठेवा. खोक्यावर आयएमईआय असतो. नसेल तर फोनवर *#०६# डायल करा आणि नंबर वहीत लिहून ठेवा.
- चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. पण ती साधी मजकुराची फाइल असते, कुणीही बदलू शकतं. म्हणून ती सोय समजा, मूळ नाही.
- मालाचा फोटो मूळ फाइल म्हणून जपा. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची आतली माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि सगळ्यात सोपी युक्ती. ऑर्डर आली की फक्त अंगठा दाखवू नका. उत्तर लिहा: "आपली ४००० बॉक्सची ऑर्डर, दर ४६ रुपये, पैसे अमुक तारखेपर्यंत. बरोबर ना?" समोरून "हो" आलं की नाव, नग, दर आणि मुदत एका जागी आली. मग त्या नंबरवरून आधी कधी पैसे आलेत, कधी जीएसटी नंबर पाठवलाय, तेही त्याच चॅटमध्ये दिसतं. "नंबर माझा नाही" म्हणणं मग त्याला जड जातं.

फोन रेकॉर्डिंगचं काय?

हा प्रश्न हमखास येतो. याचं उत्तर आपल्या मुंबईतल्याच दोन जुन्या प्रकरणांत आहे. आर. एम. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर होते. त्यांच्याविरुद्धच्या लाचेच्या खटल्यात फोनवरचं टेप केलेलं संभाषण पुरावा म्हणून सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये मान्य केलं. पुढे १९७५ मध्ये, मुंबईतल्या कुंभारवाडा मतदारसंघाच्या १९७२ च्या निवडणुकीवरून झालेल्या बुखारी प्रकरणात, भाषणांच्या टेप कधी धरायच्या हे कोर्टानं सांगितलं. आवाज कुणाचा हे ओळखता आलं पाहिजे. रेकॉर्डिंग बरोबर आहे, त्यात फेरफार नाही, हे रेकॉर्ड करणाऱ्यानं सिद्ध केलं पाहिजे. आणि विषयाशी त्याचा संबंध पाहिजे.

बघा, तेव्हा टेपरेकॉर्डर होता, जालन्याला सीडी होती, तुमच्याकडे मोबाइल आहे. यंत्र बदललं, कोर्टाचे प्रश्न तेच राहिले.

म्हणून रेकॉर्डिंग असेल तर त्याचे तुकडे करू नका. फक्त "हो, देणं आहे" एवढंच वाक्य कापून ठेवलंत तर पहिला संशय तुमच्यावर येईल. अख्खी फाइल, ज्या फोनवर झाली त्याच फोनवर ठेवा. स्वतःहून रेकॉर्डिंगच्या मागे लागण्यापेक्षा मात्र लेखी "हो" मिळवणं कधीही चांगलं.

दुसरी वाट बंद करा: "माल आलाच नाही"

इथे मोबाइलपेक्षा कागद भारी पडतो. डिलिव्हरी चलनाच्या दोन प्रती करा. एक त्याला, एक तुम्हाला. तुमच्या प्रतीवर माल घेणाऱ्याची सही, सहीखाली स्पष्ट नाव, तारीख आणि "४००० नग मिळाले" असे शब्द. नुसतं गिरगटलेलं चालत नाही, कारण वर्षभरानं ती सही गोडाऊनच्या कोणत्या पोराची होती हे कुणालाच आठवत नाही. असेल तर दुकानाचा शिक्का घ्या.

त्याच्या जोडीला टेम्पोचा नंबर, ट्रान्सपोर्टची बिल्टी, वजनकाट्याची पावती, निघालं असेल तर ई-वे बिल. आणि जीएसटीत असाल तर तुमच्या रिटर्नमध्ये ते बिल वेळेवर दाखवा. समोरच्यानं त्याच बिलाचं क्रेडिट घेतलं असेल आणि कोर्टात "माल आलाच नाही" म्हणत असेल, तर तो स्वतःच्याच कागदात अडकतो.

दुकानात सीसीटीव्ही असेल तर एक लक्षात ठेवा. डीव्हीआर काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवीन लिहितो. भांडण झालं त्याच आठवड्यात चित्रण काढून घ्या, कोणी आणि कधी काढलं ते लिहून ठेवा आणि शक्य असेल तर मूळ हार्ड डिस्क बाजूला काढून ठेवा. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा असेल किंवा वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमधली नोंद हवी असेल, तर तोंडी नको, लेखी मागा. पोच घ्या. जालन्याचा चौथा मुद्दा इथे कामाला येतो.

तिसरी वाट बंद करा: "पैसे दिले की!"

आपली उधारीची वही. रोजची, नीट लिहिलेली, पानं न फाडलेली. ही कोर्टात चालते का? चालते, पण एकटी पुरत नाही. जुन्या कायद्याचं कलम ३४, आता नव्या कायद्यातलं कलम २८, हेच सांगतं: धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुराव्यात धरता येतात, पण फक्त तेवढ्यावर कुणावर देणं लादता येत नाही. सोबत दुसरा आधार लागतो.

आणि सुटे कागद तर वहीतसुद्धा मोडत नाहीत. जैन हवाला प्रकरण अनेकांना आठवत असेल. मोठमोठ्या नेत्यांच्या नावांची आद्याक्षरं आणि रकमा लिहिलेल्या नोंदी सापडल्या होत्या. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुटी पानं म्हणजे हिशेबाची वही नव्हे, आणि वहीतल्या नोंदीही स्वतंत्र आधाराशिवाय पुरत नाहीत. देशभर गाजलेल्या प्रकरणात ही गत, तर आपल्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेल्या उधारीचं काय होणार?

बँकेचं बघा. मोबाइल अॅपमधून काढलेलं स्टेटमेंट माहितीसाठी ठीक. कोर्टासाठी बँकेकडून प्रमाणित प्रत घ्या. बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट, १८९१ चा कायदा, अजून लागू आहे. त्याप्रमाणे बँकेनं ठरलेल्या दाखल्यासह दिलेली प्रत कोर्ट पुरावा म्हणून स्वीकारतं. शाखेत लेखी अर्ज द्या आणि कोर्टासाठी प्रमाणित प्रत हवी असं स्पष्ट लिहा.

"मग नोटरी करून घेतो की!" असं बरेच जण म्हणतात. झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का बसला म्हणजे ती मूळ होत नाही. प्रत मुळाबरहुकूम आहे एवढंच तो शिक्का सांगतो. कोर्ट मूळ कागद मागणारच. म्हणून मूळ कागद फाइलला लावा, पंच मशीननं आकड्यावर भोक पाडू नका.

तिन्ही वाटा एकदम बंद करणारा कागद

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. तिचं नाव बाकी मान्यतापत्र. साधं पत्र:

"आपल्या खात्यावर अमुक तारखेअखेर १,८४,००० रुपये बाकी आहे. बरोबर असल्यास सही करून परत द्यावं."

खाली समोरच्याची सही, नाव, तारीख. बस्स. मेसेज कुणाचा, माल आला का, पैसे दिले का, तिन्ही वाद एका सहीत मिटतात.

याचा दुसरा फायदा मुदतीचा आहे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून. ही तीन वर्षं संपायच्या आत समोरच्यानं लेखी आणि सहीनिशी बाकी मान्य केली, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या तारखेपासून नव्यानं मुदत मोजली जाते. तीन वर्षं उलटल्यावर घेतलेल्या सहीचा असा उपयोग होत नाही.

सही मागायला लाज वाटते, संबंध बिघडतील असं वाटतं, हे मला माहीत आहे. अरण, शेटफळ, टेंभुर्णी, सगळी ओळखीचीच माणसं. म्हणून भांडण व्हायच्या आधी मागा, आणि सगळ्यांकडून मागा. दिवाळी पाडव्याला वहीपूजन करता ना? त्याच दिवसात सगळ्या उधारवाल्यांना बाकीचं पत्र आणि सोबत मिठाईचा पुडा. एकट्याकडे मागितलं तर तो संशय वाटतो. सगळ्यांकडे मागितलं तर ती तुमच्या दुकानाची पद्धत होते.

या आठवड्याचं काम

१. सर्वांत मोठ्या पाच उधारी काढा. प्रत्येकीसमोर तीन रकाने करा: ऑर्डर कुणाची, माल कुणी घेतला, किती बाकी. जो रकाना रिकामा आहे, तो कागद या आठवड्यात मिळवा.
२. त्याच पाच जणांचे माल दिल्याचे किंवा मुदतीचे दिवस बघा. कुणाला अडीच वर्षं होत आली असतील तर आधी तिकडे जा, आणि वकिलांना भेटा.
३. चलन बुकात "घेणाऱ्याचं नाव" असा वेगळा रकाना छापून घ्या. पुढच्या टेम्पोपासून लागू.

प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, त्यामुळे दावा लावायच्या आधी वकिलांचा सल्ला घ्याच. पण वकील तुमच्याकडे आहेत तेच कागद कोर्टात मांडू शकतात, नसलेले तयार करू शकत नाहीत. आणि पुष्कळदा फाइल भक्कम आहे हे समोरच्याला दिसलं की कोर्टाची पायरी चढायचीही वेळ येत नाही. तो नोटीस वाचतो, चलनावरची स्वतःची सही बघतो आणि फोन उचलायला लागतो.

तुमच्या पाच उधाऱ्यांपैकी किती रकाने रिकामे निघाले, ते मोजून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!